बोट लागते, तरी बाबांना जहाजाने लक्षद्वीपला न्यायचंय

सागरिका_पुणे

नमस्कार मंडळी. मला गाडी कधीच लागली नाही. वरंधा, आंबेनळी, कशेडी असे सगळे घाट मागच्या सीटवर पुस्तक वाचत उतरले आहेत. त्यामुळे बोट लागणं हे दुसऱ्यांचं दुखणं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

गेल्या डिसेंबरात अंदमानला गेलो. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जाणारी खासगी कॅटमरान होती. बंद, एसी, विमानासारख्या खुर्च्या. समोरच्या काचेतून समुद्र छान दिसेल म्हणून मी हौसेने अगदी पुढची रांग घेतली. बंदराच्या आडोशातून बोट बाहेर पडेपर्यंत मजेत फोटो काढत होते. मग जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, झोप आलेली नसताना. तोंडात सारखी लाळ जमायला लागली, कपाळावर आणि वरच्या ओठावर गार घाम आला. फोनवर फोटो बघत मन रमवावं म्हटलं आणि तिथेच सगळं बिघडलं. पुढचा तासभर मी, माझी पिशवी आणि शेजारच्या रांगेतला एक लहान मुलगा. त्याचं आणि माझं आळीपाळीने चाललं होतं. नाश्त्याला वडा-सांबार झालं होतं, त्या वासाने आजही पोटात ढवळतं.

आता मुद्दा. माझे बाबा ७१ वर्षांचे, मूळ देवगडचे. लहानपणी मुंबईला आगबोटीने जात. त्यांना आयुष्यात एकदा पुन्हा मोठ्या जहाजातून रात्रीचा प्रवास करायचाय. कोची ते कवरत्ती असा लक्षद्वीपचा पाच दिवसांचा कार्यक्रम पाहिलाय, रात्री जहाजात आणि दिवसा बेटांवर. बाबा म्हणतात, "मला कधी बोट लागली नाही, आणि आमची आई तर रात्रभर गाढ झोपायची." पण ते सगळं साठ वर्षांपूर्वीचं. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोस्टेटचाही त्रास आहे. वाटेत उलट्या सुरू झाल्या तर? आणि माझीच ही गत असेल तर त्यांच्याकडे बघणार कोण? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, जावं का, आणि जायचं तर काय तयारी करावी.

घाटावरचा

माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. हा बराचसा मनाचा खेळ आहे. आधी भीती घेतली की लागतेच. शेजारचा ओकला की आपल्यालाही होतं, ते त्यामुळेच. मन घट्ट करून बाबांना घेऊन जा.

कानाचा_डॉक्टर

घाटावरचा, शेजाऱ्याच्या वासाने आणि आवाजाने त्रास वाढतो हे अगदी खरं. पण मूळ मनात नाही, कानात आहे. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं फिरलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला फिरल्याचं कळतं. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. आपण वर-खाली किंवा पुढे-मागे सरकलो हे त्यांच्यामुळे समजतं. बंद केबिनमध्ये बसल्यावर हा कान सांगतो, "आपण वर गेलो, खाली आलो, परत वर." डोळ्यांना मात्र समोरची खुर्ची, भिंत, फोन, सगळं स्थिर दिसतं. दोन साक्षीदार दोन वेगळ्या साक्षी देतात, आणि मेंदूचा हा गोंधळ पोटावर निघतो. ज्यांचा कानातला हा तोल सांभाळणारा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेला असतो, त्यांना कितीही खवळलेल्या समुद्रात बोट लागत नाही. मनाचा खेळ असता तर त्यांनाही लागली असती. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला हा त्रास होत राहिला. त्याचं मन कच्चं होतं असं कोण म्हणेल?

सागरिका, तुम्ही लिहिलेल्या जांभया, लाळ आणि गार घाम ही पहिली सूचना असते. तेव्हाच फोन खिशात जायला हवा. एकदा मळमळ जोरात सुरू झाली की पोट अन्न पुढे सरकवायचं काम थांबवतं. मग गिळलेली गोळी तिथेच पडून राहते किंवा बाहेर येते. म्हणून गोळी आधी घ्यायची. बोट हलायला लागल्यावर पर्समध्ये गोळी शोधणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

औषधांचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. बाबांच्या प्रोस्टेटमुळे तो भाग नीट लिहायला हवा.

इंजिनरूम

मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली. पहिल्या जहाजावर कॅडेट असताना दोन दिवस बादली घेऊन काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भूक लागली आणि अंडी मागून खाल्ली, ती चव अजून लक्षात आहे. बहुतेकांचं असंच होतं. दोन-तीन दिवसांत मेंदू नवा हिशोब शिकतो. गंमत म्हणजे चार महिन्यांनी घरी आल्यावर पहिल्या रात्री पलंग हलतो, कारण आता मेंदू जमिनीचा हिशोब विसरलेला असतो.

सागरिका, तुमची जागा चुकली. बोटीचं पुढचं टोक, आमच्याकडे जुने लोक नाळ म्हणतात, सगळ्यात जास्त वर-खाली होतं. लहान मुलांच्या सी-सॉचं टोक आठवा. आडवं डोलण्यापेक्षा हे संथ वर-खाली होणंच जास्त लागतं. त्यातही साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा असेल तर तो सर्वांत वाईट. भराभर धक्के बसणाऱ्या छोट्या मचव्यात कंबर मोडेल, पण मळमळ कमी होते, हे अनेकांनी अनुभवलं असेल.

म्हणून जहाजात केबिन मागताना मधोमध आणि शक्य तितकी खालच्या मजल्यावरची मागा. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीला भुलू नका. जागेपणी मात्र डेकवर या, उघड्या हवेत, जिथे चिमणीचा धूर येत नाही अशा बाजूला. नजर क्षितिजावर ठेवा. दूरची ती रेघ हलत नाही. डोळ्यांना एक खरी साक्ष मिळते आणि कानाशी त्यांचं भांडण मिटतं. डेकवर जाणं शक्य नसेल तर उताणं पडा, डोकं उशीत रोवून स्थिर ठेवा, डोळे मिटा. खोटी साक्ष देणारा साक्षीदारच गप्प केला म्हणा ना.

आणखी एक. बेटाजवळ पोचल्यावर जहाज थांबतं आणि छोट्या बोटींनी माणसं उतरवतात. चालत्या जहाजाला निदान दिशा असते. थांबलेलं जहाज लाटेला आडवं पडून डोलतं. रात्रभर ठणठणीत असलेली माणसं मी तिथे आजारी पडताना पाहिली आहेत. उतरण्याच्या रांगेत आत जिन्याजवळ उभं राहू नका, बाहेर थांबा.

ओवीची_आई

मांडव्याच्या बोटीत माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दर वेळी होतं. तिच्या धाकट्या भावाला, जो दीड वर्षाचा आहे, काहीच नाही. असं का? आणि मुलांना गोळी द्यावी का?

कानाचा_डॉक्टर

ओवीची आई, दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही. साधारण दोन ते बारा हे वय सगळ्यात नाजूक. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त लागते, अर्धशिशी असणाऱ्यांना जास्त, गरोदरपणात जास्त. वय वाढतं तसा त्रास बहुधा कमी होतो, म्हणजे सागरिकांच्या बाबांची बाजू तशी भक्कम आहे. मुलीला तासाभराच्या प्रवासासाठी गोळी नकोच. हातात मोबाइल देऊ नका, बाहेर बसवा, दूरचा किनारा दाखवत गप्पा मारा. गोळी द्यायची वेळ आलीच तर वजनाप्रमाणे मात्रा बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात देऊ नये.

आता मोठ्यांचं. आपल्याकडे अव्होमिन नावाने मिळते ती प्रोमेथाझिन. रात्रभराच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना, छोट्या प्रवासाला तास-दोन तास आधी. झोप बऱ्यापैकी येते. स्टुजेरॉन म्हणजे सिनारिझिन, तीही साधारण दोन तास आधी, गुंगी थोडी कमी. दोन्हींबरोबर दारू नको आणि उतरल्यावर लगेच गाडी चालवणं नको. परदेशात कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी मिळते, तिचा परिणाम तीन दिवस टिकतो.

पण पट्टी आणि प्रोमेथाझिन या दोन्हींमुळे प्रोस्टेट मोठं असलेल्यांची लघवी अडकू शकते. काचबिंदू असेल तरी धोका. भर समुद्रात लघवी तुंबणं हे उलटीपेक्षा कितीतरी गंभीर. बाबांना यातलं काहीही देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना प्रोस्टेटबद्दल सांगून विचारा. कंपवात असणाऱ्यांनी सिनारिझिनही टाळावी.

आणखी एक गैरसमज. 'उलटीची गोळी' म्हणून घरोघरी ठेवलेली ऑन्डान्सेट्रॉन इथे फारशी उपयोगी नाही. ती पोटाच्या संसर्गात किंवा केमोथेरपीत छान काम करते, कारण ती सेरोटोनिनचा मार्ग अडवते. बोट लागण्यात निरोप वेगळ्या वाटेने जातो. लोक ती घेतात, गुण येत नाही आणि म्हणतात "मला कुठलीच गोळी लागू पडत नाही."

रक्तदाबाची गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर घाबरून दुसरी घेऊ नये, आधी विचारावं. जलसंजीवनीची पाकिटं बरोबर ठेवा आणि घोट घोट द्या.

थळचा_कोळी

आमचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते. मी आता मासेमारी करत नाही, पण दर्या रोज बघतो. शहरातली माणसं बोट कुठली ते विचारतात, वेळ विचारत नाहीत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आमच्याकडं सकाळी दर्या तेलासारखा असतो. दुपारनंतर उत्तर-पश्चिमेकडून वारा उचलतो आणि संध्याकाळपर्यंत लाट उभी राहते. मांडव्याला जायचं, घारापुरीला जायचं, सकाळची पहिली-दुसरी बोट धरा. परतताना वारा पडायची वाट बघत बसू नका, दुपार चढायच्या आत निघा.

लक्षद्वीपचं मला माहीत नाही, पण पावसाच्या तोंडावर जाऊ नका एवढं सांगतो. नैऋत्येचा फुगारा लांबून येतो. वारा नसला तरी तो असतो. वरून दर्या सपाट दिसतो आणि खालून पोट उचलतो.

उलटी आलीच तर कठड्यावरून वाकू नका. लोक लाजेपोटी टोकाला जातात आणि त्यात तोल जातो. पिशवीतच करा, कोणी काही म्हणत नाही. आमच्यातल्या पोरांनाबी पहिल्या पहिल्यांदा होतंच.

पाण्याखाली

तारकर्लीला डायव्हिंग शिकवतो. तांडेलांच्या मुलाचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं आजारी पडतात ती नांगरलेल्या होडीत, अंगात सूट, पाठीवर टाकी, मान खाली घालून पट्टे आवळताना. डिझेलचा वास त्यात भर. मी अशा माणसाला सगळ्यात आधी पाण्यात उतरवतो. काही मीटर खाली गेलं की हेलकावा कमी होतो आणि पाच मिनिटांत चेहऱ्यावर रंग येतो.

खाण्याबद्दल. "काही खाऊ नका, म्हणजे काही बाहेर पडणार नाही" हा सल्ला कृपया कोणी देऊ नका. रिकाम्या पोटी कोरडे उमासे येतात, ते जास्त हाल करतात. तासभर आधी सुकी पोळी, इडली, केळं, मारी बिस्किट. तेलकट, तिखट आणि दुधाचा चहा टाळा.

घाटावरचा

डॉक्टर, डार्विनचं आणि कानाचं पटलं. मी माझे शब्द मागे घेतो. माझ्या बायकोला मी असंच बोलून बोलून घारापुरीला नेलं होतं. आज हे तिला वाचून दाखवलं.

एक विचारतो, मनगटावर दाबायचा बिंदू आणि आलं यात तथ्य आहे का?

कानाचा_डॉक्टर

मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधोमध तो बिंदू. अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, पण अपाय नाही. आल्याने काहींना नक्की बरं वाटतं. आलेपाक, सुंठेची गोळी, काहीही चालेल. गोळीची जागा ते घेईल असं समजू नका.

आजीची_वही

हा धागा नातीने वाचून दाखवला, आणि लिहायलाही तीच बसली आहे. मी मालवणची, वय वर्षं ऐंशी.

आमच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे आगबोटच. धक्क्याला बोट लागायची नाही, ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. आम्ही पडावात बसून तिच्यापर्यंत जायचो. पडाव लाटेबरोबर वर आला की बोटीवरचा माणूस हात धरून वर ओढून घ्यायचा. एक लाट चुकली तर पुढची येईपर्यंत थांबायचं. लहान मुलांना तर गठुळ्यासारखं वर द्यायचे. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची. इंजिनाजवळची जागा कोणी घेत नसे, तिथे तापलेल्या तेलाचा वास. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै असं करत करत मुंबईचा भाऊचा धक्का.

माझी आई निघायच्या आदल्या दिवसापासून गप्प व्हायची. पदराच्या गाठीत आमसुलं आणि लिंबाची साल. बोट सुटली की ट्रंकेवर डोकं टेकून डोळे मिटायची ती उजाडेपर्यंत उठायची नाही. आम्ही मुलं डेकभर पळत असू. १९४७ मध्ये रेवसला जाताना 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ती गोष्ट प्रत्येक घरात होती, त्यामुळे भीतीही असायची. पण त्या बायका भीतीने पडून राहत नसत. डोळा उघडला की भडभडून यायचं, म्हणून मिटून घ्यायच्या. मुलांसमोर ओकायचं नाही म्हणून ओठ घट्ट धरलेले असायचे. हे मला माझं लग्न झाल्यावर, पहिलं मूल पोटात असताना त्याच बोटीत बसले तेव्हा कळलं.

सागरिका, वडिलांना ने गं बाई. पण तूही स्वतःची गोळी वेळेवर घे.

सागरिका_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा प्रतिसाद बाबांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तिकिटं काढतेय. परत आल्यावर लिहीन, वचन.

---

सागरिका_पुणे (दोन महिन्यांनी)

परवा परत आलो. वचन दिलं होतं म्हणून लिहिते.

बाबांच्या डॉक्टरांनी त्यांना गोळी नको म्हणून सांगितलं, फक्त आलेपाक आणि डेक. मी सिनारिझिन घेतली, कोचीहून जहाज सुटायच्या दोन तास आधी, मोबाइलवर गजर लावून. केबिन मधली आणि खालची मिळाली. बंदरातून बाहेर पडताना मुद्दाम डेकवर राहिले. कोचीचे दिवे मागे जाईपर्यंत कठड्याला धरून फक्त दूर बघत होते. जांभया आल्या. त्या ओळखल्या, फोन बॅगेत टाकला, खाली जाऊन उताणी पडले आणि डोळे मिटले. झोप लागली. सकाळी भूक लागली होती.

बाबा पहाटेपासून वर होते. त्यांना काहीही झालं नाही. एका खलाशाशी त्यांचं चांगलं जमलं, तो त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा.

माझी फजिती कल्पेनी बेटापाशी झाली, इंजिनरूम यांनी सांगितलं होतं अगदी तिथेच. जहाज थांबलं, उतरायच्या रांगेत गर्दी होती, मी आत जिन्याशी अडकले. छोट्या बोटीत पाय ठेवता ठेवता उलटी झाली. पिशवी हातातच होती, थळच्या दादांचं ऐकून. बोटीतल्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. दहा मिनिटांत खाजणातल्या स्थिर, निळ्या-हिरव्या पाण्यात आलो आणि सगळं थांबलं. मिनिकॉयला शहाण्यासारखी बाहेर उभी राहिले, काही झालं नाही.

परतीच्या रात्री समुद्र जरा चढला होता. आम्ही दोघं केबिनमध्ये पडलो होतो. बाबांना वाटलं मी झोपले. त्यांनी उठून माझ्या उशाशी हात ठेवला आणि विचारलं, "झोपलीस, की डोळे मिटून पडलीयेस?" मी म्हटलं, मिटून पडलेय. ते म्हणाले, "आई पण तशीच पडायची. आम्ही म्हणायचो, आईला काय, ती मस्त झोपते." मग जहाज शांत होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले, हातात लिंबू धरून.

काल पुण्यात आंघोळ करताना भिंत हलल्यासारखी वाटली. बाबांनाही तसंच होतंय. डॉक्टर, हे किती दिवस चालतं?

कानाचा_डॉक्टर

बहुतेकांना एक-दोन दिवस. भरपूर चाला, उजेडात चाला. दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर दाखवायला या. बाथरूममध्ये बाबांना धरायला काहीतरी असू द्या.